मातामायच्या पायाशी ठेवलेला कागद

खरं सांगायचं तर त्या काळात मी आमच्या गावदेवीकडे, मातामायकडे, भक्तीने जातच नव्हते, रागाने जात होते. लग्नानंतर नवरा महिनाभर राहिला आणि "विसा झाला की बोलावतो" म्हणून परदेशी निघून गेला. हुंड्यापायी बाबांनी आसगावची धानाची बांधी विकली होती. दागिने सासूने ठेवून घेतले, वर्षभरात मला माहेरी आणून सोडलं आणि फोन उचलणं बंद केलं. शेजारणी विचारायच्या, "काहून वं, अजून विसा नाही आला?" मी हसण्यावारी न्यायची. पण दर मंगळवारी ओटी भरताना देवीला तोंडावर म्हणायची, तीन वर्षं झाली, तू ढिम्म बसलीस ना!

मग एका सकाळी दीर आला, इंग्रजी कागदांची चळत घेऊन. "विसाचे कागद हायेत वहिनी. सही करा, मले दुपारची गाडी पकडाची हाय." बाबांचे डोळे भरले. आईने वाटायला साखर काढली. मी मराठीतून बी.ए. झालेली. पहिल्या पानावर एक-दोन शब्द खटकले होते, खोटं कशाला बोलू? पण मी नजर फिरवली. समजून घ्यायचंच नव्हतं मला.

आमच्या घरची रीत अशी की शेताचा असो की शाळेचा, कोणताही कागद आधी मातामायच्या पायाशी ठेवायचा, मगच सही. दीर चिडला, "सहीले काय मुहूर्त लागते?" आई म्हणाली, "तीन वर्सं थांबलो जी, अर्ध्या घंट्यानं काय होते?"

तलावाच्या पाळीवरच्या देवळात एक अनोळखी बाई बसली होती. नवस फेडायला आलेली, बस चुकली म्हणून थांबलेली. मी कागदावर हळद-कुंकू वाहिलं आणि वाऱ्याने वरचं पान उडून थेट तिच्या मांडीवर गेलं. ती उचलून देता देता थांबली. वकिलाकडे टायपिंग करण्यात तिचा जन्म गेला होता. "पोरी, याच्यात काय लिहिलं हाय, ठाऊक हाय तुले?" तिने सगळी पानं वाचून मराठीत सांगितली. मी राजीखुशीने फारकत देते, दागिने परत मिळाले, माझी काही तक्रार नाही. "विसाचं एक अक्षरही नाही याच्यात. जिल्ह्याच्या कोर्टात फुकट वकील भेटते, तिथं जा."

मी तिथेच मोठ्याने रडले. मग घरी जाऊन दिराला म्हणाले, "सही नाही करत." तो आरडाओरडा करायला लागला. जावयाकडच्यांसमोर कधी मान वर न केलेले माझे बाबा दारात उभे राहिले. "चहा झाला ना? मंग या आता."

कागद मी परत दिला नाही. जिल्ह्याच्या कोर्टातल्या वकिलाने तोच पहिला पुरावा म्हणून लावला. केस अजून सुरू आहे, दागिने मिळालेले नाहीत. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. संध्याकाळी धावत देवळात गेले तेव्हा तिची बस निघून गेली होती. ती कोण होती, याचा कीस मी काढत नाही. मातामायपुढे मात्र कान पकडले. मला नवऱ्याकडे पोचव, एवढंच मी मागत राहिले आणि तिने मला त्याच्यापासून वाचवलं.

शरण जायचं म्हणजे डोळे मिटायचे, असं मला वाटायचं. अजूनही कागद आला की आधी तिच्या पायाशी ठेवते. मग तिथेच, तिच्यासमोर बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.