कापडाच्या मागून दिसलेला तिरंदाज

बायकोबरोबर शेवटचं कुठं गेलो असेन तर सिनेमाला. बांगलादेशच्या लढाईनंतरचं साल. भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये मी भांडी घासायचो. शनिवारी मैदानावर बांबूंना पांढरं कापड बांधून जवानांना सिनेमा दाखवत. आम्हा कामगारांना फुकट. पुरुष कापडाच्या पुढं, बायका मागं. चित्र दोन्हीकडून दिसायचं.

त्या दिवशीचा सिनेमा विलायती होता. जुन्या काळचा एक बंडखोर रानात राहतो, सरदारांना लुटतो, गरिबांना वाटतो. बोलणं कुणाला कळलं नाही. पण तो झाडावरून शिपायांच्या अंगावर उड्या टाकायचा, हसत हसत निसटायचा, त्यामुळं मैदान नुसतं खिदळत होतं. आणि बाण असा मारायचा की बघत राहावं.

घरी येताना ही म्हणाली, "अवं, त्यो डावरा हाय. माझ्यावानी!"

ही डावखुरी होती. हिच्या डाव्या हातचं वाढलेलं माझ्या आईनं कधी खाल्लं नाही. मीही टाकून बोलायचो. त्या दिवशी ही लहान पोरीसारखी खूश होती. मी ते घालवलं.

"उजवा हाय त्यो. डोळं तपासून घे."

"डाव्यानं दोरी वढत हुता. मी काय झोपली हुती व्हय?"

"तुझ्या डाव्या हातची भाकर कुनी खात न्हाई, अन् त्याच्या हातात धनुष्य देत्यात व्हय?"

शेजारची म्हातारी आणि तिच्या सुना बरोबर होत्या. त्या फिस्सकन हसल्या. बसल्या त्याही मागंच होत्या, पण हाताकडं कोण बघतंय? हातावरून ज्याला बोलणी बसतात, तोच बघतो.

ही म्हणाली, "पुढल्या शनिवारी परत लावनार हायेत. तवा आमच्या बाजूला येऊन बगा, मग बोला."

बुधवारी हिच्या पोटात कळ उठली. गुरुवारी दवाखान्यातच ही गेली. शनिवारी सकाळी मी राख सावडून आलो.

संध्याकाळी मैदानावरून तेच विलायती बोलणं ऐकू आलं. मी उठलो आणि गेलो. बायकांच्या बाजूला कडेला उभा राहिलो.

शेजारच्या म्हातारीनं बघितलं. "अरं, लाज हाय का? आजच राख सावडली, अन् सिनेमा बगतूस? त्यो बी बायकांत?"

 पडद्यावर त्यानं बाण लावला. दोरी डाव्या हातानं ओढली. मी पुढं गेलो. तिकडं उजव्या हातानं ओढत होता. परत मागं आलो. डाव्या. कापडाच्या मागून चित्र उलटं दिसतं, एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं पुढं बसलेल्या मला ती माहीत नव्हती. हिनं जे पाहिलं तेच सांगितलं होतं.

सिनेमा संपेपर्यंत मी मागंच थांबलो. बायका माझ्यापासून लांब सरकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन सरकारी नळावर गेलो. पाणी भरायचं काम हिचं होतं. सुतकी माणूस बघून बायकांनी घागरी बाजूला ओढल्या. म्हातारी आणि तिच्या सुना तिथंच होत्या.

मी म्हणालो, "मागनं त्यो डावराच दिसतू. ती खरं बोलत हुती. मी बगून आलो. त्या दिवशी तुमास्नी हसवलं, ते माझं चुकलं."

 मी हंडा रांगेत शेवटी ठेवला आणि उभा राहिलो.