पिवळ्या घरातली सोंगटी

“ओढ तिला! अरे, बघतोयस काय, ओढ ना!”

ही माझी बायको, मेघना. आवाज असा, की सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या आमच्या अख्ख्या ब्लॉकमधले पंखे दचकून थांबले असतील. रविवार, दुपारचे तीन, लख्ख ऊन. भूतबीत म्हटलं की पोट धरून हसणारा माणूस मी... आणि यात तिखटमीठ कणभरही नाही. (मित्र म्हणतील — पहिल्यांदाच!)

भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाचं एक पेंटिंग होतं. तीन मुलं लुडो खेळताहेत, माना खाली, गप्प. इतकं हुबेहूब, की एकाच्या गुडघ्यावरची खपली सोलावीशी वाटे. बोर्डाची आपल्याकडची बाजू मात्र मोकळी. पिवळं घर, एकही सोंगटी नाही.

सहा वर्षांची आमची इरा तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत मागे लागली होती, “बाबा, सो बोअरिंग ला!” मी फोनमधून डोकं न काढता म्हणालो, “जा, त्यांच्यात खेळ. सांग, मी कच्चा लिंबू.”

दहा मिनिटांनी मेघनाची ती किंकाळी. इरा चित्रासमोर मांडी घालून बसलेली. मान खाली, हात पुढे, पापणी हलत नाही. वीस किलोची पोर, पण ओढताना लोखंडी कपाट! वर पाहिलं... खपलीवाल्याचा गुडघ्यावरचा हात उचललेला होता. त्याने फासा पुढे धरला होता. इराला.

त्या क्षणी मला काय सुचावं! घसा फाडून ओरडलो, “कच्चा लिंबू आहे रे ती! तिचा डाव धरू नका! धरायचाच तर माझा धरा!”

इरा सैल पडली. रडली. तिला उचलून मी नऊ मजले जिन्यानेच उतरलो — लिफ्टची वाट कोण बघतो!

संध्याकाळी परत येऊन, घर ताब्यात घेताना काढलेला इन्व्हेंटरीचा फोटो ताडून पाहिला. फोटोत हात गुडघ्यावर, पिवळं घर रिकामं. भिंतीवर हात पुढे... आणि पिवळ्या घरात एक सोंगटी. एजंट म्हणाला, उन्हाने रंग बदलतात. उन्हाने रंग उडतो हो, सोंगटी उगवते का?

घर सोडलं. नव्या फ्लॅटच्या भिंती आम्ही कोऱ्याच ठेवल्यात.

काल जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, “इरा, ती मुलं तुला काही म्हणाली होती का गं?”

ती वरणभात कालवत होती. मान वर केली नाही.

“मला नाही. तुझी टर्न आहे ना, बाबा. दे स्टिल वेटिंग ला.”