परीक्षेसाठी राखलेला डोळा

अन्याय झाला तो माझ्या आत्तीवर, आमच्या ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे नेत्रतपासणीच्या कोर्सच्या, तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. करणारं माझंच कॉलेज. आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक याला नशीब म्हणतात.

आत्ती गुंद गावची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. घरची भातशेती, उरलेल्या दिवसांत जंगलखात्याची रोजंदारी. उजवा डोळा पांढरा होत चालला होता, डावाही अंधुक. होळीच्या आधी गावच्या शाळेत आमच्या कॉलेजचं फुकट नेत्रशिबिर भरलं. ज्या बायांना मोतीबिंदू निघाला त्यांना गाडीतून शहरात नेलं, ऑपरेशन केलं आणि काळे चष्मे लावून परत आणून सोडलं. आत्तीला तेवढं सांगितलं, "तुमचं मागून करू, मावशी. तुमचा डोळा खास आहे." ती हे गावभर सांगत फिरली. खास!

परीक्षेच्या हॉलमध्ये माझा नंबर आला, पडदा बाजूला केला, तर स्टुलावर आत्ती, परीक्षेसाठी गावाहून बोलावून आणलेली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली.

"आगं बाय, तू हायस व्हय!" ती मोठ्यानं म्हणाली.

"केसशी गप्पा नकोत," परीक्षक म्हणाले.

आमच्याकडे माणसाला केस म्हणतात. तोपर्यंत मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

मी टॉर्च मारला. बाहुली मोत्यासारखी पांढरी. बोटं धरून विचारलं, किती? तिला हात हलतोय एवढंच कळत होतं. मी जवळ वाकले तशी ती कुजबुजली, "पिकल्याला मोतीबिंदू म्हण. सकाळपासनं समदी पोरं त्येच सांगालेत." परीक्षकांनी ऐकलं आणि हसले. मीही हसले.

मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, हा असाच ठेवला तर पुढे काय होईल? मी इंग्रजीत घडाघडा सांगितलं: भिंग आतून पाझरायला लागेल, डोळ्यातला दाब वाढेल, नस मरेल, गेलेली नजर परत येणार नाही. "व्हेरी गुड." आत्तीला त्यातलं अक्षर कळलं नाही. भाचीला शाबासकी मिळाली एवढं कळलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला तो अजून सहन होत नाही.

बाहेर येऊन पाणी पिताना मला माझंच उत्तर ऐकू आलं. तशीच विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. हिचं ऑपरेशन अजून का झालं नाही?

"परीक्षा होऊ दे. दुसरी बॅच राहिलीय."

"सर, तोवर डोळा गेला तर?"

"अगं, आता लोक लवकर ऑपरेशन करून घेतात. इतका पिकलेला मोतीबिंदू मिळतो कुठे? पोरांनी शिकायचं कशावर?"

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, समोरचा सामोसा मोडत. म्हणजे कोवळे मोतीबिंदू आधी काढले आणि सगळ्यात वाईट डोळा मागे ठेवला. आम्ही बियाण्याला भात राखतो तसा. माझ्या आत्तीचा डोळा यांनी राखला होता!

मी आत्तीला म्हटलं, ऊठ, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ, आत्ताच्या आत्ता.

"न्हाई गं. त्यांनी शब्द दिलाय. च्या दिली, जेवाण दिलं." मग माझा हात धरून हळूच, "मी उठून गेले तर तुला नापास करतील की."

मी विनवलं, रागावले, रडलेसुद्धा. ती हलली नाही.

दुसऱ्या बॅचची परीक्षा झाली आणि लगेच कॉलेजला सुट्टी लागली. आत्तीला बसमध्ये बसवून दिलं, तारीख फोनवर कळवू म्हणाले. गुंदात फोन कुठे लागतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शिबिराच्या दिवशी हेच सगळे रेंजसाठी चढावर जाऊन उभे होते. मी विभागात फोन करत राहिले. सुट्टीनंतर बघू, सुट्टीनंतर बघू.

भातलावणीच्या दिवसांत डोळा लाल झाला. चिखल उडाला असेल म्हणाली. डोकं फुटेल असं दुखू लागलं, उलट्या झाल्या, तेव्हा घरच्यांना पित्त वाटलं. मला कळेपर्यंत आणि आम्ही तिला दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात पोचवेपर्यंत माझं उत्तर शब्दन् शब्द खरं झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी दुखणं थांबवलं, नजर देता आली नाही. पुढे डावा डोळा त्यांनीच केला. चहा पिऊन येईपर्यंत झालासुद्धा. एवढंच काम होतं ते!

कॉलेजचं म्हणणं, "आम्ही फोन केला होता, लागला नाही."

आत्तीचं म्हणणं, "जाऊ दे गं. तू पास झालीस न्हवं?"

झाले. त्या केसमध्ये सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. आणि आत्ती आता बांधावरून जाताना उजव्या अंगाला पायानं चाचपत जाते.

तुम्ही डोळे तपासायला शिकत असाल, शिकवत असाल, किंवा नंदिगड्ड्याला, गणेशगुडीला, तुमच्या गावच्या शाळेत असं शिबिर भरवत असाल, तर त्या दिवशी गाडीच्या दारात उभे राहा. सगळ्यात पांढरा डोळा पहिल्या खेपेला आत बसवा. नाही म्हणाले तर गाडी सोडू नका.