निळ्या पाटीच्या आतलं घर

व्हाइटफील्डच्याही पलीकडे, बेंगळुरूची बस जिथून माघारी वळते, त्या होसकट्टे गावात वसुमतीअक्का राहायची. सासर-माहेर एकाच गावात. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. पण गावातल्या मराठी घरांत तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. गावाच्या टोकाला दगडी पायऱ्यांची जुनी पुष्करणी होती, काठावर कोरीव खांबांचा मंडप. त्र्याण्णव साली शहरातल्या कुणा बिल्डरची माणसं ते खांब उपटून न्यायला आली, तेव्हा अक्का लॉरीपुढे जाऊन बसली. "आधी माझ्या अंगावरून गाडी घाला," म्हणाली. लॉरी रिकामी परतली.

मग तिने पुरातत्त्व खात्याच्या बेंगळुरूच्या कचेरीत खेटे घातले आणि मंडपापुढे निळी पाटी लागली : संरक्षित वास्तू. गावाने अक्काला हार घातला. तिचा धाकटा भाऊ फत्तेसिंग सगळ्यांच्या पुढे होता.

पाटीबरोबर नियमही आला. मंडपापासून शंभर मीटरच्या आत नवी वीट रचायची नाही, जुनी भिंत पाडून बांधायची नाही. फत्तेसिंगाचं मातीचं घर मंडपाला लागूनच. पुढच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत फुगली. परवानगी मागायला तो कचेरीत जाई आणि "स्वल्प थांबा, साहेब दौऱ्यावर आहेत," एवढंच ऐकून परत येई. शेवटी त्याने गवंडी बोलावला, तर मंडपावर नेमलेल्या पहारेकऱ्याने काम बंद पाडलं.

"अक्का, तुझं ऐकतात ते. तू सांग ना."

अक्का गेली. साहेब भला माणूस होता, तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली. "तुमच्या भावाला सूट दिली, तर उद्या तोच बिल्डर माझ्या दारात उभा राहील. तुम्हीच सांगा, काय करू?"

अक्का कॉफी तशीच ठेवून उठली. घरी येऊन ती भावाला म्हणाली, "जरा धीर धर. भिंतीला टेकू लाव."

त्याने टेकू लावला. श्रावणात भिंत टेकूसकट खाली आली. आत त्याची बायको शकुंतला नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, वळत होती. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

"माझ्या घरी चला सगळे," अक्का रडत म्हणाली.

"तुझं घर शंभर मीटरच्या बाहेर आहे, नाही का?" फत्तेसिंग म्हणाला. "बरं आहे तुझं." आठवड्याभरात त्याने शहरात, चामराजपेटेत खोली घेतली.

गावात तिला कुणी दोष दिला नाही. फक्त हळूहळू तिच्या ओट्यावर बसायला येणं थांबलं.

भाऊबीजेला ती ताट घेऊन चामराजपेटेत गेली. शकुंतलेने खाटेवरूनच म्हटलं, "या वन्सं, बसा. मार्केटात गेलेत, येतीलच." दोघी बोलत राहिल्या, पावसाचं, पोरांच्या शाळेचं. पायाचा विषय कुणीच काढला नाही. बाहेर दिवे लागले तरी फत्तेसिंग आला नाही. त्याची चप्पल मात्र मागच्या दाराशी होती. ती अक्काला दिसली, आणि आपल्याला दिसल्याचं शकुंतलेला कळलं, हेही अक्काला कळलं.

"सरी, निघते आता. बस चुकेल माझी," म्हणत अक्का उठली. निरांजन न लावताच तिने ताट झाकलं.