पाटणकरकाकांना वेगळी खोली

"मॅडम, रिपोर्ट गलत तो नहीं? सब जगह आर ही आर है!" सर्जन डॉ. सक्सेना फोनवर जवळजवळ ओरडले.

पाटणकरकाकांचा रिपोर्ट बरोबर होता. मी टेस्ट पुन्हा लावून बघितली होती.

मी भोपाळच्या एका हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पेशंटच्या लघवीतले, रक्तातले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि ते कशाने मरतात ते बघायचं, हे माझं काम. प्लेटवर औषधांच्या टिकल्या ठेवतात. टिकलीभोवतीची जागा मोकळी राहिली तर औषध चालतं. पाटणकरकाकांचे जंतू प्रत्येक टिकलीला खेटून वाढले होते. आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारे. वेगळ्या टेस्टमध्ये एकच औषध लागू पडलं, तेही किडनीला जड जाणारं.

काका गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना हुडहुडी भरून ताप येत होता. पण ताप जरा उतरला की निघाले वॉर्डात. कुणाची उशी सारखी कर, कुणाला संत्रं सोलून दे. शेजारच्या बेडवर केमो चालू असलेला एक तरुण मास्तर होता. त्याचा हात हातात घेऊन काकांच्या गप्पा चालत. मला धास्ती त्याचीच होती. हे जंतू बहुतेक वेळा हातांवरूनच पसरतात.

"काका, तुम्हाला वेगळ्या खोलीत हलवतोय."

"म्हणजे वाळीत टाकताय मला?"

कुसुमकाकू, त्यांच्या पत्नी, अस्सल नागपूरच्या. त्या उसळल्याच. "अगं, माणसांशिवाय यांना घास उतरत नाही, आणि तू कोंडून ठेवतेस?"

"काकू, मास्तरांच्या अंगात सध्या लढायची ताकद नाही. हे जंतू त्यांना लागले तर ते एकमेव औषधसुद्धा त्यांना सोसणार नाही."

काका मास्तरकडे बघत राहिले. मग चपला शोधायला लागले. "चल. आधी सांगायचं ना."

खोलीबाहेर सॅनिटायझर लावलं होतं. काकांना दुसरा उद्योग नव्हता. ते काचेतून पहारा करू लागले. सक्सेना सर घाईत थेट आत शिरले.

"साहब, हाथ!"

"अरे, वॉर्ड में धोए थे."

"फिर दरवाज़ा किसने खोला?"

सक्सेना सर मागे फिरले आणि सॅनिटायझर चोळून आले. पुढे मीही आत जाण्याआधी काकांना तळवे दाखवायला लागले.

मधे त्या जड औषधाने काकांच्या किडनीचा रिपोर्ट बिघडला. काकूंनी त्या दिवशी माझ्याशी भांडण केलं नाही, नुसता माझा हात घट्ट धरून ठेवला. आम्ही डोस कमी केला, सलाईन वाढवलं, वाट पाहिली. रिपोर्ट सावरला. ताप गेला आणि काकांच्या लघवीत जंतू सापडेनासे झाले. मास्तरला लागण झालीच नाही. काका त्याच्याशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायचे आणि त्यालाही जेवणाआधी हात धुवायला लावायचे.

काका घरी गेले तेव्हा सक्सेना सर म्हणाले, "अब चैन से राउंड लेंगे." आणि सवयीने हात चोळत पुढच्या बेडकडे गेले.

हात धुण्याची पोस्टरं आमच्याकडे भिंतीभिंतीवर आहेत. ती कुणी वाचत नाही. पेशंटने तोंडावर विचारलं की मात्र हात धुवावेच लागतात. तेव्हा विचारा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या.