चार नंबरचं कडं

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवत हसायचो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. एमएस्सी झालोय, जमीन हवेत किती कार्बन सोडते ते मोजायचं काम करतो. त्यामुळे हे लिहितानाही चिडचिडच होतेय... पण लिहितो.

जागा मारेगावपासून थोडी आत. सागाचं जंगल, त्याला लागून तिथल्या शेतकरी सुमनकाकूंचं गवताळ पडीत आणि पुढे त्यांचीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. तिन्हीकडे जमिनीत प्लास्टिकची गोल कडी रोवलेली. कड्यावर डबा उपडा ठेवायचा, तीन मिनिटं थांबायचं. डब्यात साचणारा वायू मशीन मोजतं आणि टॅबवर रेघ उमटते – सरळ वर चढत जाणारी. पथ्य एकच, डब्याजवळ कोणी श्वास सोडायचा नाही.

डबा ठेवायचं काम शकीलभाईंचं. मारेगावचे मेकॅनिक, हात एकदम सफाईदार. पण पडीतातल्या चार नंबरच्या कड्यावर रेघ चढायची, उतरायची, परत चढायची, परत उतरायची. अगदी संथ. तेही सकाळी अकराच्या लख्ख उन्हात! बंद डब्यातला वायू कमी होईलच कसा?

पुण्याहून आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडमचा फोन. “झाकण नीट बसत नाहीये आणि कोणीतरी वाकून श्वास सोडतंय. किती वेळा सांगायचं?”

मी शकीलभाईंवर डाफरलो. “विडी ओढत तिथंच बसता ना?”

“अल्लाकसम सर, मी तं डबा ठेवला का लगेच दूर होतो.”

आठवडाभर हेच. शेवटी वैतागून मी मॅडमना कळवलं, माणूस ऐकत नाही. शकीलभाईंना कामावरून काढलं. जाताना त्यांनी टॅबची पिशवी तेवढी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. डबा ठेवला आणि पळत पार पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिलो. टॅबवर रेघ – वर, खाली. वर, खाली.

भूत मनातही आलं नाही. शकीलभाईंचा चेहरा आठवला.

मशीन बदललं. नळ्या बदलल्या, झाकणाचं रबर बदललं. कडं दोन हात सरकवलं की रेघ सरळ. जागेवर आणलं की पुन्हा तेच! शेवटी फावडं आणून खणलंच, कमरेइतकं. काळी माती, मग मुरूम. हाड नाही, बीळ नाही, साधं मूळसुद्धा नाही.

सुमनकाकू धुऱ्यावरून पाहत होत्या. “काय भेटलं?”

“काहीच नाही.”

“मंग कायले खंदून राह्यला बापा एवढ्या उन्हात?”



खड्डा बुजवून तसाच मारेगावला गेलो. शकीलभाई गॅरेजात मोटारसायकल उघडून बसले होते. म्हणालो, “चूक माझी होती. तुम्ही गेल्यावरही तसंच येतंय. माफ करा.”

त्यांनी पाना खाली ठेवला. “सर, मी तं तिथं दम रोखूनच राहो.”

“का?”

“कोणी निजलं आहे असं वाटे. जाग येईन म्हणून.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

मी मॅडमना सगळं सांगितलं, चूक माझी हेही. शकीलभाई कामावर परत आले, त्यांच्या एका अटीवर – चार नंबरचा डबा त्यांनी नाही, मी ठेवायचा. भरलेल्या खड्ड्यावर कडं पुन्हा रोवलं. माती एवढी खालीवर झालेली, तरी रेघ तीच. त्याच संथ चालीत.

मॅडम म्हणाल्या, “मशीनचा दोष, असा शेरा लिही आणि सोड.” लिहायला बसलोही... पण मशीन तर ठीक आहे! एकदा माणसावर खोटा आळ घेतला, आता मशीनवर घेऊ?

शेऱ्याचा रकाना कोराच आहे. तिथं काय लिहायचं, मला अजूनही कळलेलं नाही.