शिळं पाणी

आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो आणि तो आला की घरातलं आधीचं पाणी शिळं होतं. (इतरांकडे भात शिळा होतो, सोलापुरात पाणी होतं!) नवं पाणी भरायच्या आधी शिळं ओतून पिंपं घासायची, ही आमच्या भवानी पेठेची रीत.

त्या दिवशी नळाचा वार होता आणि केम गावचे पाहुणे आमचं घर बघायला येणार होते. त्यांची मुलगी आमच्या मुलाला, महेशला पसंत, महेश तिला पसंत. घोडं अडलं होतं ते मुलीच्या वडिलांपाशी. फोनवर त्यांचा एकच प्रश्न, "सोलापुरात पाण्याचं कसं हाय?"

"पाण्याचं काय घेऊन बसलात! धो धो!" मी ठोकून दिलं होतं.

सकाळी नऊला नळानं 'फुस्स' केलं. म्हणजे पाणी निघालं! मी लुंगी खोचली, दोन्ही पिंपं आडवी केली, हौदाचं बूच काढलं. त्या पाण्यात जिना धुतला, स्कूटर धुतली, शिवाय शेजाऱ्यांच्या पायऱ्याही धुतल्या.

"अहो, आधी धार तर पडू द्या की!" कणीक मळता मळता बायको ओरडली.

"सुमन, पाहुण्यांना ताजं पाणी पाजणार मी!" असं म्हणून मी प्यायची कळशीसुद्धा तुळशीत रिकामी केली. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? गल्लीत उभं राहून आरोळी ठोकली, "पाणी आलं होऽऽ!" घरोघरची पिंपं आडवी झाली.

नळानं आणखी एकदा 'फुस्स' केलं आणि मौन धरलं.

शेजारच्या नरसव्वा रिकामी घागर घेऊन दारात आल्या. "भाऊ, लाईन फुटली म्हणं. पाणी उद्या!"

"मग तुमच्याकडची एक घागर..."

"तुमीच वरडला की! सगळं ओतलं ना मी!"

पाण्याचे जार पोचवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "तुमच्या गल्लीतनं हा बारावा फोन. संध्याकाळी बघू."

तेवढ्यात जीप आली. मुलीचे वडील चिखल चुकवत उतरले, ओल्या गल्लीकडे, धुतल्या जिन्याकडे बघून हरखले. "लई पाणी हाय की हितं!" वर येऊन बसल्यावर म्हणाले, "द्या बरं तांब्याभर."

मी सुमनकडे बघितलं. सुमननं छताकडे.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्यांनी सगळं ओतलं."

पाहुण्यांनी उठून पिंपात डोकावलं, हौदात डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं. पाहुणे खाली गेले आणि जीपमधून भला मोठा कॅन घेऊन वर आले. "सोलापूरला निघालं की आमी पाणी घरनंच घेतो. वहिनी, च्या टाका."

चहा पिऊन ते म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. सोयरीक पक्की. तुमचा तेवढा बंदोबस्त करावा लागंल."

लग्नात रुखवतावर लाडू-चकल्यांच्या मधोमध हजार लिटरची टाकी होती, झाकणाला कुलूप. "कुलूप कशाला हो?" मांडवात जो तो विचारायचा. मुलीचे वडील माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगायचे, "हे हायत की घरात!"